आधी टेप चिकटवली, मग सुतार बोलावला

नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटचा ताबा २२ ऑगस्ट २०२४ ला मिळाला आणि आम्ही सामानासकट राहायला आलो २६ जानेवारी २०२५ ला. मधले पाच महिने भाडं आणि हप्ता दोन्ही चालू होतं. कुणाला विचारायचं, आधी काय करायचं, कशाला घाई करायची आणि कशाला नाही, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ज्यांच्या हातात आत्ता नवीन घराची किल्ली आहे आणि छातीत धडधड आहे, त्यांच्यासाठी हे सगळं तारखांसकट लिहिते आहे.

घर टू बीएचके आहे, रेरा कार्पेट (रेरा या बांधकाम-व्यवसायाच्या कायद्यानुसार मोजलेलं आतलं क्षेत्र) ५२ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५६० चौरस फूट. पण या आकड्यात आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते, त्यामुळे चालायला मिळणारी फरशी त्याहून कमी निघते. कागदावरच्या मापावर विसंबू नका, मेजरिंग टेप घेऊन खोलीखोली स्वतः मोजा. आमची दुसरी खोली करारातल्या नकाशापेक्षा दोन इंचांनी लहान भरली आणि त्या दोन इंचांनी पुढे एक पलंग रद्द केला.

राहणारी माणसं दोन. मी अंबड एमआयडीसीत नोकरीला, जनरल शिफ्ट. नवरा पुण्याच्या कंपनीचं काम आठवड्यातले चार दिवस घरून करतो. सासू-सासरे निफाड तालुक्यात असतात, द्राक्षबाग आहे, माल निघाला की आठ-पंधरा दिवस आमच्याकडे येतात. दोन-तीन वर्षांत मूल व्हावं असं मनात आहे. म्हणजे दुसऱ्या खोलीला आज ऑफिस व्हायचं होतं, एप्रिलमध्ये आई-तात्यांची खोली आणि पुढे कधीतरी बाळाची. खोली मात्र एकच, साडेनऊ बाय दहा.

सुरुवातीला आम्ही सगळेच जातात तिथे गेलो. शहरातल्या एका इंटिरिअरवाल्यांनी चार दिवसांत थ्रीडी चित्रं दाखवली. फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांची भिंत, क्रॉकरी युनिट, सहा बाय साडेसहाचा हायड्रॉलिक बेड. आकडा ९ लाख ८० हजार. दहा टक्के आगाऊ, आणि हा दर सातच दिवस टिकेल असंही सांगितलं. चित्रं मला मनापासून आवडली होती. आमच्याकडे चार लाख होते. उरलेल्याचं कर्ज काढायचं का, यावर दोन रात्री झोप लागली नाही.

त्या रविवारी निफाडला गेलो तेव्हा चित्रं तात्यांना दाखवली. बागेत गोडी छाटणीची, म्हणजे घड धरण्यासाठी काड्या छाटतात त्याची, तयारी चालली होती. मोबाइल लांब धरून त्यांनी एकेक चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, "सगळ्या काड्या ठेवल्या तर घड भरायचे कसे? आणि यात तुम्ही दोघं बसणार कुठं?" खोल्यांमधली मोकळी फरशी मी तेव्हा पहिल्यांदा शोधली. हॉलमध्ये सोफा आणि टीपॉय यांच्यामधली तेवढीच होती. परत येताना गाडीतच आमचं ठरलं की आगाऊ रक्कम भरायची नाही.

७ सप्टेंबरला गणपती बसवला तो रिकाम्या फ्लॅटमध्येच. दीड दिवसाचा. दोन चटया, एक गॅस, पाण्याचे दोन कॅन. त्या दीड दिवसात घराने आम्हाला जे सांगितलं ते कुठल्याच चित्रात नव्हतं. दुपारी चारनंतर दुसऱ्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं, आणि इंटिरिअरवाल्यांनी कॉम्प्युटरचं टेबल नेमकं त्याच झोतात दाखवलं होतं. हॉलमध्ये वारा बाल्कनीकडून स्वयंपाकघराकडे वाहतो, म्हणून त्या वाटेत उंच काही ठेवायचं नाही. ताबा मिळाल्यावर निदान एक दिवस आणि एक रात्र रिकाम्या घरात काढाच, जमिनीवर झोपून.

पुढच्या आठवड्यात एका ओळखीतून एक आर्किटेक्ट ताई भेटल्या. त्यांनी पूर्ण कामाचं कंत्राट न घेता फक्त आराखडे आणि साइटवर दोन भेटी यांचे २२ हजार सांगितले. लहान घराला वेगळी फी कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं की सगळ्या खर्चात हे पैसे सर्वांत नीट लागले, कारण सल्ला देणाऱ्याला जास्त प्लाय खपवण्यात काही फायदा नव्हता. पहिल्या भेटीत त्यांनी एकही रेघ काढली नाही. एक वही करा म्हणाल्या, आणि भाड्याच्या घरात दोन आठवडे आपण कुठे बसतो, कुठे जेवतो, कुठली वस्तू रोज हातात घेतो, ते लिहून काढा.

तेव्हाच पितृपक्ष लागला. आईंचं म्हणणं होतं की या पंधरवड्यात कामाला हात लावायचा नाही. मला आधी दिवस वाया जातील असं वाटलं, पण वहीला तेच दिवस मिळाले. चौदा दिवसांत आम्ही डायनिंग टेबलावर तीनदा जेवलो, तेही पाहुणे आले म्हणून. एरवी जेवण खाली, पाटावर किंवा चटईवर. त्या टेबलावर रोज होत होती ती इस्त्री, भाजी निवडणं आणि माझं महिनाअखेरीचं लॅपटॉपवरचं काम. टीव्ही पाच दिवस. कपाटातल्या साड्यांपैकी हात लागला तो सहा-सात साड्यांनाच, पण दोन पैठण्या मलमलीत गुंडाळून आडव्या ठेवायला खोल कप्पा हवाच होता. शू रॅक नाही म्हणून रोज कुरकुर. वही वाचून ताई म्हणाल्या, "तुम्हाला डायनिंग टेबल नको आहे. तीन कामं करणारं एक टेबल हवं आहे, आणि ते हलायला हवं."

मग टेप. रंगारी वापरतात ती दोन इंची मास्किंग टेप आणली, सहा रोल, आणि प्रत्येक वस्तूचं खरं माप जमिनीवर चिकटवलं. कपाट २४ इंच खोल, शिवाय दार उघडल्यावर ते जिथवर येतं तो अर्धगोल. सहा फुटी पलंग टेपने आखला तर पलंग आणि उघडं दार यांच्यामध्ये माणूस आडवा होऊनच जाऊ शकत होता. पाच बाय सव्वासहाचा पलंग आखल्यावर वाट मोकळी झाली. आठवडाभर आम्ही संध्याकाळी जाऊन त्या रेघांमध्ये वावरत होतो, खोटं खोटं दार उघडत होतो, पाण्याचा तांब्या घेऊन रात्री उठल्यासारखं चालून बघत होतो. मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपपेक्षा हे खरं.

यातून आमचा एक नियम तयार झाला आणि शेवटपर्यंत टिकला. पाणी, गॅस आणि कपडे जिथे आहेत तेवढंच भिंतीला धरून ठेवायचं. बाकी ज्याला चाकं लावता येतील त्याला भिंतीत ठोकायचं नाही.

याच सुमारास, सप्टेंबरच्या शेवटी जोराचा पाऊस झाला आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर ताटाएवढा ओला डाग उमटला. बरोबर जिथे कपाट यायचं होतं तिथे. पितृपक्षात काम चालू केलं असतं तर तो डाग कपाटामागे गेला असता आणि बुरशी लागून पाठ फुगल्यावरच कळला असता. मी ३० सप्टेंबरला बिल्डरला फोटोंसह मेल केला. उत्तर नाही. ९ ऑक्टोबरला रजिस्टर एडी पत्र पाठवलं आणि त्यात रेरा कायद्याच्या कलम १४(३) चा उल्लेख केला. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, असं ते कलम आहे. २६ ऑक्टोबरला माणसं आली, बाहेरून चीर भरून वॉटरप्रूफिंग केलं. तक्रार तोंडी करू नका, फोटोवर तारीख दिसू द्या, पोस्टाची पावती जपा. भिंत पूर्ण वाळायला पुढे महिना गेला, तेवढं कपाट लांबलं.

सोसायटी नुकतीच स्थापन झालेली. काम सुरू करण्यापूर्वी अर्ज, इंडेक्स टूची (घराच्या नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत, आराखड्याची प्रत, कामगारांची आधारकार्डं, कॉलम-बीमला हात लावणार नाही असं हमीपत्र आणि १५ हजार अनामत. कामाची वेळ सकाळी साडेनऊ ते एक आणि तीन ते साडेसहा, रविवारी बंद. रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, जिन्यात ठेवायचं नाही, गोण्यांत भरून आपल्या खर्चाने हलवायचं. ही वेळ सुताराला ठरवतानाच सांगा. आमच्या मिस्त्रींनी दिवसाचे नऊ तास धरून हिशेब केला होता, प्रत्यक्षात सात मिळाले आणि एक महिन्याचं धरलेलं काम लांबलं.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, मिस्त्रींनी रंधा, करवत आणि ड्रिल मशीनला झेंडू वाहिला आणि काम सुरू झालं. पण पहिलं काम इलेक्ट्रिशियनचं. बिल्डरने प्रत्येक खोलीत एकाच भिंतीवर बोर्ड दिले होते. टेबल फिरतं ठेवायचं तर वीज त्याच्या मागे फिरायला हवी, म्हणून दुसऱ्या खोलीत तीन भिंतींवर आणि हॉलमध्ये दोन नवीन जागी बोर्ड काढले, टेबलाच्या वर येतील अशा उंचीवर. खर्च ३४ हजार. नवरा म्हणत होता, एवढे बोर्ड कशाला? आज त्याचं टेबल उन्हाळ्यात पूर्वेच्या भिंतीला असतं आणि थंडीत खिडकीजवळ, एक्स्टेन्शनची वायर कुठेही लोळत नाही. मोकळं घर हवं असेल तर सोफ्याच्या आधी प्लग पॉइंट ठरवा, असं मी सगळ्यांना सांगत असते.

प्लाय आम्ही स्वतः घेतलं. सिंकखाली भारतीय मानक आयएस ७१० चं, म्हणजे ज्याला मरीन म्हणतात ते, आणि बाकी सगळीकडे आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला तग धरणारं. शिक्का शीटवर बघायचा, दुकानदाराच्या बोलण्यावर नाही. बिलावरही ग्रेड लिहून घ्यायची. आम्हाला बीडब्ल्यूआर १८ एमएम ९८ रुपये फुटाने आणि ७१० वालं १२८ ने पडलं, वर १८ टक्के जीएसटी. आठ बाय चारची शीट आमच्या लिफ्टमध्ये जात नाही हे टेम्पो खाली उभा राहिल्यावर कळलं. पाच मजले जिन्याने, हमाली वेगळी. दुसऱ्या खेपेला ताईंनी मापांची यादी करून दिली आणि दुकानातच मशीनवर कापून आणलं. कडा सरळ आल्या आणि घरात भुसाही कमी झाला. लिफ्टचं दार आणि आतली उंची आधी मोजा.

कपाटावरून मिस्त्री आणि ताई यांच्यात बरीच चर्चा झाली. मिस्त्रींचा हात सुंदर, पण त्यांची पद्धत फेव्हिकॉल लावून एकजीव करायची. "ताई, एकदा बसवलं की वीस वर्षं हलणार नाही," असं ते अभिमानाने म्हणाले. आम्हाला नेमकं हलणारं हवं होतं. शेवटी सहा फुटांच्या एका कपाटाऐवजी तीन-तीन फुटांचे दोन स्वतंत्र खोके, मधोमध बोल्टने जोडलेले आणि मिनिफिक्सवर, म्हणजे खोलता-जोडता येणाऱ्या स्क्रूंवर, उभे. आतल्या बाजूंना ३२ मिलिमीटर अंतराने भोकांच्या रांगा, म्हणजे फळी पिनांवर हवी तिथे वर-खाली होते. आज जिथे साड्या आहेत तिथे उद्या लंगोट आणि दुपट्यांचे गठ्ठे मावतील. मिस्त्रींना पहिल्या खोक्याला तीन दिवस लागले, दुसऱ्याला एक. भोकं पाडायला त्यांनी स्वतःच प्लायच्या तुकड्याचं एक माप बनवलं आणि काम संपल्यावर ते सोबत घेऊन गेले.

२८ ऑक्टोबरला सगळे दिवाळीला गावी गेले. आठ दिवसांत येतो म्हणाले होते. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबरला, आणि मिस्त्री आले २२ ला. तो काळ माझ्यासाठी सर्वांत कठीण गेला. घरभाडं ११ हजार, वर हप्ता, अर्धवट घरात धूळ, आणि आम्हा दोघांमध्ये न बोलता धुमसणारं काहीतरी. एका संध्याकाळी शू रॅकवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि रडून झाल्यावर कळलं की शू रॅकचा त्यात काही संबंध नव्हता. दसऱ्यानंतर काम सुरू करणार असाल तर दिवाळीचे तीन आठवडे धरूनच भाड्याच्या घराची नोटीस द्या. आम्ही ती आधीच दिली होती आणि मालकांकडे दोन महिने वाढवून मागावे लागले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या खोलीत भिंतीला घडीचं टेबल बसवलं. पाडलं की फळी, उचललं की भिंत. आमच्या नियमाला केलेला हा एकमेव अपवाद, कारण चित्रात ते फार छान दिसत होतं. चौथ्या दिवशी नवऱ्याने कोपर टेकवून जोर दिला आणि बिजागऱ्या स्क्रूसकट बाहेर आल्या. लॅपटॉप त्याने झेलला म्हणून वाचला, पायाच्या अंगठ्याला मात्र लागलं. भिंत एएसी ब्लॉकची होती. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकमध्ये साधा प्लग आणि स्क्रू धरत नाही, त्यासाठी लांब फ्रेम अँकर किंवा केमिकल अँकर लागतात, आणि ओझं पसरावं म्हणून मागे प्लायची पट्टी. भिंत कशाची आहे हे बिल्डरच्या साइट इंजिनिअरला विचारून लिहून ठेवा आणि मिस्त्रींना ड्रिल लावण्याआधी सांगा. आम्ही कुणीच ते सांगितलं नव्हतं, त्यामुळे मिस्त्रींना दोष देता आला नाही. त्याच फळीला लोखंडी पाय आणि ब्रेक असलेली चार चाकं लावली. हेच आमचं तीन कामांचं टेबल, चार फूट बाय दोन.

पाहुण्यांच्या पलंगाऐवजी तीन फुटी दोन दिवाण केले. एरवी हॉलमध्ये काटकोनात, तोच आमचा सोफा. आई-तात्या आले की दुसऱ्या खोलीत एकमेकांना चिकटवून मधल्या कडीने जोडायचे, सहा फुटांचा पलंग तयार होतो. आईंचे गुडघे दुखतात म्हणून गादीसकट उंची १८ इंच ठेवली. त्यासाठी त्यांना भाड्याच्या घरी वेगवेगळ्या उंचीवर बसवून, हात न टेकता कुठून उठता येतं ते पाहिलं होतं. चाकं घेताना प्रत्येक चाकावर किती किलोची क्षमता आहे ते पाहा. आम्ही आधी स्वस्त आणली होती, ती दुकानात जाऊन बदलली.

स्वयंपाकघरात फार काही बदललं नाही. ओटा बिल्डरचाच. पाइप गॅसचा मीटर आणि कॉक कुठे येणार हे ट्रॉल्यांची मापं घेण्याआधी ठरवून घेतलं, कारण कॉकपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. स्टीलच्या ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या, ३८ हजार. लोहचुंबक लावून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. देवघर म्हणजे एक शिसवी पाट आणि त्यावर भांडी बाजारातून आणलेली लहान समई, आईंच्या पसंतीची.

डिसेंबरच्या मध्याला कपाट भिंतीला लागलं, मग रंग. नाशिकच्या थंडीत पुट्टी सावकाश वाळते, रंगाऱ्यांनी दोन हातांमध्ये जास्त वेळ मागितला, तो दिला. फॉल्स सीलिंग नाही. पडदे आणि गाद्यांवर मात्र कंजूषी केली नाही. सगळा खर्च ४ लाख ४० हजार झाला, म्हणजे ठरवल्यापेक्षा चाळीस हजार जास्त. त्यात प्लाय, लॅमिनेट आणि हार्डवेअर १ लाख ६४ हजार, सुताराची मजुरी ८२ हजार, रंग ४१ हजार, पडदे-गाद्या ४६ हजार. हमाली, रॅबिट आणि किरकोळ असे साडेअकरा हजार आम्ही हिशेबात धरलेच नव्हते. काम संपल्याचं पत्र सोसायटीला २८ जानेवारीला दिलं. अनामत परत मिळाली १७ मार्चला, जिन्याच्या सफाईचे दीड हजार कापून. काम सुरू होण्याआधी जिना आणि लिफ्टचे फोटो काढले असते तर त्या दीड हजारांवर बोलता आलं असतं.

एप्रिलमध्ये बागेतला माल निघाल्यावर आई-तात्या बारा दिवस राहिले. दुसऱ्या सकाळी मी उठले तर एक दिवाण बाल्कनीच्या दाराशी होता आणि आई त्यावर बसून शेंगा निवडत होत्या. कुणाला हाक न मारता त्यांनी ब्रेक काढून एकटीने ढकलत आणला होता. "इथं वारा लागतो," एवढंच म्हणाल्या. बाराही दिवस तो सकाळी तिथे आणि रात्री खोलीत.

त्या वर्षी, २०२५ मध्ये, मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला. पहिल्या मोठ्या सरीनंतरच्या रविवारी आम्ही कपाटाचे कपडे पलंगावर काढले, मधले बोल्ट सोडले आणि पश्चिमेकडचा खोका दोघांनी मिळून हातभर पुढे ओढला. टॉर्च लावून भिंतीवरून तळहात फिरवला, मग नवऱ्याने फिरवला. भिंत कोरडी होती.